जुन्या लष्करी वाहनांचा मूळ रंग : अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अहमदनगर शहराचे (२०२४ पासून अहिल्यानगर) लष्कराशी असलेले नाते शहराच्या स्थापनेइतकेच जुने आहे. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये वसवलेल्या या नगरीचा भुईकोट किल्ला ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने जिंकला आणि पुढे येथे इंग्रजांची छावणी स्थिरावली. स्वातंत्र्योत्तर काळात आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, वाहनांवर संशोधन करणारी व्हेइकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र या संस्थांमुळे नगर हे चिलखती वाहनांचे शहर म्हणून देशभर ओळखले गेले. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४ मध्ये स्थापन केलेले कॅव्हलरी टँक म्युझियम हा या परंपरेचा दृश्य पुरावा होय. रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती मोटार, ब्रिटिश मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल व सेंच्युरियन, अमेरिकन स्टुअर्ट, जपानी टाइप ९५ व टाइप ९७, जर्मन चिलखती गाडी, पाकिस्तानकडून हस्तगत झालेला पॅटन आणि भारतीय बनावटीचा विजयंता अशी विविध देशांची व काळांची वाहने येथे एकत्र पाहावयास मिळतात.

अशा वाहनांचा अभ्यास बहुधा तोफेचा व्यास, चिलखताची जाडी आणि इंजिनाची शक्ती या अंगांनी होतो. रंगाकडे मात्र केवळ गंज रोखणारे आवरण किंवा शोभा म्हणून पाहिले जाते. वास्तविक वाहनावरील रंग हा एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. वाहन कोणत्या आघाडीवर होते, त्या वर्षी कोणता कच्चा माल उपलब्ध होता, शत्रू जमिनीवरून पाहत होता की आकाशातून, आणि वाहन कोणाकडून कोणाकडे गेले, याची नोंद रंगाच्या थरांत असते. प्रस्तुत निबंधात जुन्या लष्करी वाहनांच्या पुनर्स्थापनेत मूळ रंग कसा निश्चित केला जातो, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि नगरच्या संदर्भात या प्रश्नाचे महत्त्व काय, याचा विचार केला आहे.

१. 'मूळ रंग' या संकल्पनेची मर्यादा

'मूळ रंग' हा शब्दप्रयोग वरकरणी सोपा वाटतो. परंतु सैन्यात दहा-वीस वर्षे वापरल्या गेलेल्या वाहनाला एकच मूळ रंग क्वचितच असतो. कारखान्यातून बाहेर पडतानाचा रंग, बंदरावर उतरल्यानंतर दिलेला रंग, आघाडीवर घाईने फासलेला रंग, युद्धानंतर शांतताकाळात दिलेला तकतकीत रंग आणि अखेरीस संग्रहालयात दिलेला रंग असे थर एकावर एक चढत जातात. यांपैकी प्रत्येक थर आपापल्या काळापुरता खरा असतो. त्यामुळे 'या वाहनाचा रंग कोणता?' या प्रश्नाला 'कोणत्या वर्षी व कोणत्या ठिकाणी?' हा प्रतिप्रश्न केल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

उदाहरण म्हणून आफ्रिकेतील जर्मन वाहनांचा विचार करता येईल. ती कारखान्यातून गडद करड्या रंगात येत. वाळवंटात हा रंग दुरून उठून दिसे. मार्च १९४१ मध्ये पिवळसर तपकिरी व हिरवट करड्या रंगांचा आदेश निघाला आणि १९४२ मध्ये त्या छटाही बदलल्या. फेब्रुवारी १९४३ पासून तर कारखान्यातच गडद पिवळा हा आधाररंग देण्यास प्रारंभ झाला. म्हणजे अवघ्या दोन वर्षांत एकाच सैन्याच्या वाहनांचे अनेक 'मूळ रंग' झाले.

२. रंगांच्या नावांमुळे होणारी दिशाभूल

रंगाचे नाव आणि प्रत्यक्ष छटा यांतील अंतर हा संशोधनातील पहिला अडथळा होय. 'खाकी' हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. 'खाक' म्हणजे धूळ, या फारसी शब्दापासून तो आला. १८४६ मध्ये पेशावर येथे उभारलेल्या 'कोअर ऑफ गाइड्स' या पलटणीच्या धूळरंगी पोशाखामुळे तो लष्करी परिभाषेत रुळला. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर 'खाकी' म्हटल्यावर पोलिसाचा किंवा पोस्टमनचा फिकट तपकिरी गणवेश येतो. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश वाहनांना दिलेला 'खाकी ग्रीन क्रमांक ३' हा तपकिरी झाक असलेला हिरवा रंग होता. केवळ 'खाकी' या नोंदीवरून वाहन रंगवल्यास निष्पन्न होणारी छटा पूर्णतः चुकीची ठरेल.

'ऑलिव्ह' या शब्दाचीही हीच गत आहे. अमेरिकी 'ऑलिव्ह ड्रॅब' आणि भारतीय 'ऑलिव्ह ग्रीन' हे नावाने जवळचे असले तरी छटेने भिन्न आहेत. अमेरिकी रंगात पिवळी गेरूमाती व काळे रंगद्रव्य यांचे मिश्रण प्रमुख असल्याने तो तपकिरीकडे झुकतो. काळा व पिवळा मिसळून हिरवट छटा निर्माण होते, ही बाब चित्रकलेच्या विद्यार्थ्याला परिचित असली तरी वाहन रंगवणाऱ्याला आश्चर्याची वाटते. आपल्याकडे बाजारात 'मेंदी रंग' किंवा 'मिलिटरी कलर' या नावाखाली विकल्या जाणाऱ्या छटांना तर कोणतीच निश्चित मर्यादा नाही.

३. रंगबदलामागील कारणे

रंग बदलण्यामागे केवळ छद्मावरणाचा विचार असतो असे नाही. ब्रिटिश वाहनांच्या बाबतीत १९४२ मध्ये झालेला बदल या दृष्टीने लक्षणीय आहे. टिकाऊ हिरव्या रंगासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची युद्धकाळात टंचाई निर्माण झाली, आणि मायदेशातील वाहनांचा आधाररंग हिरव्याऐवजी तपकिरी करण्यात आला. एप्रिल १९४४ मध्ये ऑलिव्ह ड्रॅबचा आदेश निघाला. अमेरिकेकडून येणारी असंख्य वाहने पुन्हा रंगवण्याचे श्रम वाचावेत, हा त्याचा व्यावहारिक लाभ होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दाट अरण्यामुळे 'जंगल ग्रीन' हा अधिक गडद हिरवा रंग वापरात आला. रसायनांचा पुरवठा, मित्रराष्ट्रांचे व्यवहार आणि भूप्रदेश अशी तीन भिन्न कारणे अशा रीतीने दोन-तीन वर्षांच्या अवधीत एकाच सैन्याच्या वाहनांवर उमटली.

चमक हाही रंगाइतकाच महत्त्वाचा घटक आहे. युद्धकाळात विमानातून सूर्यप्रकाशाचे परावर्तन दिसू नये म्हणून मॅट रंग वापरला जाई. युद्धानंतर ब्रिटिश सैन्याने 'डीप ब्रॉन्झ ग्रीन' हा गडद व चमकदार रंग स्वीकारला. सेंच्युरियन रणगाड्यांची सुरुवातीची कारकीर्द याच रंगाशी जोडलेली आहे. महायुद्धकालीन वाहनास योग्य छटेचा पण चकाकणारा रंग दिला, तर छटा अचूक असूनही इतिहास चुकतो.

४. प्रमाणकांचा उदय

नावांमुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी विसाव्या शतकात रंगांची प्रमाणके निर्माण झाली. अमेरिकन चित्रकार व अध्यापक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये छटा, उजळपणा आणि तीव्रता या तीन परिमाणांवर आधारलेली पद्धत मांडली. जर्मनीत १९२७ मध्ये आर.ए.एल. ही प्रणाली सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९३० मध्ये तयार रंगांसाठी बी.एस. ३८१ हे प्रमाणक आले आणि अमेरिकेत १९५६ मध्ये फेडरल स्टँडर्ड ५९५ प्रसिद्ध झाले. अमेरिकी पद्धतीत पाच अंकी क्रमांकाचा पहिला अंक चमक दर्शवतो. १ म्हणजे चमकदार, २ म्हणजे अर्धचमकदार आणि ३ म्हणजे मॅट. १४०८७, २४०८७ व ३४०८७ हे एकाच छटेचे तीन प्रकार होत.

स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने (१९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) तयार रंगांसाठी आय.एस. ५ हे मानक केले. त्यातील अनेक क्रमांक ब्रिटिश प्रमाणकाशी जुळतात. उदाहरणार्थ, २२० हा क्रमांक दोन्हीकडे ऑलिव्ह ग्रीनचा आहे, तर २२७ हा डीप ब्रन्स्विक ग्रीनचा. सत्तांतरानंतरही तांत्रिक वारसा कसा चालू राहतो, याचे हे छोटे परंतु बोलके उदाहरण आहे.

प्रमाणक हाती आले म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र मानता येत नाही. प्रमाणकांच्या आवृत्त्या बदलतात, छापील नमुनापत्रे कालांतराने पिवळी पडतात. युद्धकाळात अनेक कारखाने एकाच क्रमांकाचा रंग तयार करीत आणि त्यांच्यात फरक राहून जाई. आघाडीवर तर रंग पातळ करण्यासाठी हाताशी येईल ते वापरले जाई. जर्मन सैन्याला पुरवला जाणारा लगदा पेट्रोलमध्ये किंवा पाण्यातही मिसळला जात असे आणि त्यानुसार अंतिम छटा बदलत असे. म्हणून प्रमाणकाचा क्रमांक हा अभ्यासाचा आरंभबिंदू ठरतो. अंतिम निर्णय प्रत्यक्ष वाहनाच्या पुराव्यावरच करावा लागतो.

५. पुराव्याची साधने व त्यांच्या मर्यादा

वाहनाच्या दर्शनी पृष्ठभागावर जुना रंग क्वचितच शिल्लक असतो. तो शोधावा लागतो आडजागी : माहितीपट्टीच्या मागे, बोल्टच्या वायसरखाली, अवजारांच्या पेटीच्या झाकणाआत, कंसांच्या मागील बाजूस. चिलखताच्या आतील भागास अनेकदा पांढरा किंवा वेगळाच रंग असल्याने आतला नमुना बाहेरच्या रंगाचा पुरावा म्हणून घेताना सावधगिरी आवश्यक ठरते.

योग्य जागा सापडल्यावर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एका लहान गोलाकार भागात थर हलके उतरवले जातात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे रंगांची वलये दिसू लागतात. सर्वांत आत पोलाद, त्यावर अस्तर आणि त्यावर कालक्रमानुसार एकेक थर. हे काम कोरडे घासून करणे धोक्याचे आहे. जुन्या अस्तरात शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग आणि जुन्या पिवळ्या रंगात लेड क्रोमेट असण्याची शक्यता असते. त्यांची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक होय.

उघड झालेली छटा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही, कारण रंगही वृद्ध होतो. जवसाच्या तेलावर किंवा अल्किडवर आधारलेला रंग अंधारात राहिल्यास पिवळसर होतो, तर उन्हात राहिल्यास त्याचा बंधक नष्ट होऊन पृष्ठभागावर खडूसारखी पूड येते. प्रशियन निळा व क्रोम पिवळा यांच्या मिश्रणातून केलेल्या हिरव्या रंगातील घटक एकाच वेगाने बदलत नाहीत, त्यामुळे मूळ हिरव्याची झाक कालांतराने निराळी होते. नगरसारख्या पर्जन्यछायेतील प्रदेशात, जेथे वर्षातील बहुतांश दिवस कडक ऊन असते, मोकळ्या पटांगणातील वाहनांवर हे परिणाम विशेष तीव्र होतात.

प्रकाशाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. दुकानातील दिव्याखाली जुळणारे साडी व पोलक्याचे रंग उन्हात विजोड दिसतात, म्हणून चोखंदळ ग्राहक कापड दाराशी नेऊन पाहतात. दोन रंगांची द्रव्ये भिन्न असतील तर एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्यात निराळे दिसणे स्वाभाविक आहे. यासाठी वर्णपटमापकाने छटा मोजून ती आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाच्या १९७६ च्या पद्धतीनुसार अंकांत नोंदवणे श्रेयस्कर ठरते. या पद्धतीत सुमारे एका एककाचा फरक सरावलेल्या डोळ्यालाही जेमतेम जाणवतो. क्ष-किरण प्रदीप्ती विश्लेषणाने थरातील शिसे, क्रोमियम, लोह, टायटॅनियम यांसारखी मूलद्रव्ये ओळखता येतात आणि त्यावरून थराच्या काळाविषयी अनुमान करता येते.

छायाचित्रे हे साधन मोहक पण फसवे आहे. कृष्णधवल चित्रातील करडेपणावरून छटा सांगता येत नाही. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लालसर रंग प्रत्यक्षापेक्षा गडद उमटत. रंगांच्या पट्ट्यांची रचना व चिन्हांच्या जागा यांसाठी छायाचित्र उपयुक्त आहे, छटेसाठी नाही.

पुरावा न तपासता केलेले काम किती दूरवर पसरते, याचे उदाहरण मटिल्डा रणगाड्याने दिले आहे. डिसेंबर १९४० मध्ये सिदी बरानीच्या लढाईत चौथ्या भारतीय डिव्हिजनसोबत मटिल्डा रणगाडे लढले. त्या काळात वाळवंटी वाहनांवर ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन रंगांच्या तिरप्या पट्ट्यांची योजना वापरली जात असे. पुढे ब्रिटनमध्ये जतन केलेल्या एका मटिल्डावर या योजनेतील एक पट्टा फिकट आकाशी रंगवला गेला. संग्रहालयातील वस्तू प्रमाण मानली जात असल्याने ही आकाशी छटा पुस्तकांत, चित्रांत व प्रतिकृतींत अनेक दशके वावरली. नंतरच्या संशोधनात आदेशपत्रे व रंगांचे क्रमांक तपासले असता तेथे पोर्टलँड स्टोन, सिल्व्हर ग्रे आणि स्लेट हे रंग असल्याचे निष्पन्न झाले. त्यातील 'सिल्व्हर ग्रे' प्रत्यक्षात हिरवट करडा होता.

६. स्मृती आणि रंग : फामागुस्ता व पॅटन

नगरमधील दोन वाहनांच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ क्षेत्रातील बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमधून शत्रूचे रणगाडे रोखून धरले. रणगाड्याने पेट घेतल्यावर माघारी येण्याची सूचना मिळूनही ते लढत राहिले आणि वयाच्या २१ व्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. पाकिस्तानी सैन्याच्या ताब्यात गेलेला हा रणगाडा नंतर परत मिळाला आणि दुरुस्त होऊन आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला.

या रणगाड्याचा 'मूळ रंग' कोणता मानावा? लढाईच्या सकाळचा, की आगीत होरपळल्यानंतरचा? आगीने जळालेला रंग परत आणता येत नाही, तो नव्याने द्यावा लागतो. असा दिलेला रंग आदराची अभिव्यक्ती म्हणून सर्वस्वी उचित आहे. परंतु आगीपासून बचावलेल्या एखाद्या कोपऱ्यात त्या दिवसाचा रंगथर असल्यास त्याचे मोल नव्या रंगाहून कितीतरी अधिक आहे. तो थर प्रत्यक्ष रणभूमीवर होता. सद्भावनेने मारलेला रंगाचा एक हात त्या थराला झाकतो इतकेच, पण त्यापूर्वी केलेली खरवडणी तो कायमचा नष्ट करते.

पॅटनचा प्रश्न वेगळा आहे. १९५४ च्या करारानंतर अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले हे रणगाडे १९६५ च्या युद्धात, विशेषतः असल उत्तरच्या लढाईत, मोठ्या संख्येने निकामी झाले वा हाती लागले. अशा रणगाड्याच्या अंगावर अमेरिकी कारखान्याचा, पाकिस्तानी सेवेचा आणि भारतीय जतनाचा असे तीन देशांचे थर असू शकतात. विजयचिन्ह म्हणून त्याचे महत्त्व तो शत्रूचा होता, यातच आहे. म्हणून त्याला सरसकट भारतीय हिरवा रंग देणे म्हणजे त्याची ओळखच पुसणे होय.

चांगल्या हेतूने केलेल्या जतनामुळे मूळ रंग झाकोळल्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर १९२० च्या दशकारंभी इटालियन तज्ज्ञांनी संरक्षणासाठी दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे व काळपट झाले, आणि ते काढण्यासाठी नंतरच्या पिढ्यांना परिश्रम घ्यावे लागले.

७. खाजगी संग्राहक व कायदा

महायुद्धोत्तर काळात लष्कराने विकलेल्या 'डिस्पोजलच्या' जीप व मालमोटारी महाराष्ट्रात सर्वत्र पोहोचल्या. १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने जीपची जुळणी सुरू केल्याने सुट्या भागांची सोय झाली आणि जुन्या जीप दीर्घकाळ रस्त्यावर राहिल्या. त्यांच्या पुनर्स्थापनेत मात्र एक कायदेशीर मर्यादा येते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२१ अन्वये संरक्षण खात्याव्यतिरिक्त इतरांच्या वाहनास ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास मनाई आहे. लष्करी वाहनांची तोतयेगिरी टाळणे हा त्याचा उद्देश रास्त आहे. अशा वाहनाच्या मालकाने सार्वजनिक रस्त्यावर कायदा पाळावा आणि अंतर्भागातील जुना रंगथर मात्र न खरवडता नोंदीसह राखावा, हा व्यवहार्य मार्ग दिसतो.

८. काही सूचना

१९६४ च्या व्हेनिस सनदेने जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, हे तत्त्व वास्तूंसाठी मांडले. ऐतिहासिक वाहनांसाठी २०१३ मध्ये अंतिम झालेल्या टुरिन सनदेने तोच विचार पुढे नेला. त्या अनुषंगाने पुढील सूचना करता येतील.

१) कोणत्याही वाहनाला नवा रंग देण्यापूर्वी थरांची तपासणी करून त्याची छायाचित्रांसह लेखी नोंद करावी.

२) प्रत्येक वाहनावर तळहाताएवढा एक भाग न रंगवता राखून ठेवावा आणि त्यावर संरक्षक झाकण बसवावे.

३) दिलेला रंग कोणत्या वर्षाचा व आघाडीचा आहे, तसेच तो पुराव्यावर आधारित आहे की अनुमानावर, हे फलकावर नमूद करावे.

४) छटेची नोंद नावाने न करता प्रमाणकाचा क्रमांक, आवृत्ती व मोजलेले अंक यांनी करावी.

५) या कामी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व इतिहास विभागांचे सहकार्य घ्यावे. रंगद्रव्यांचे विश्लेषण, वर्णमापन आणि आदेशपत्रांचे वाचन ही तीन कामे तीन विद्याशाखांची आहेत. पदव्युत्तर प्रकल्पासाठी याहून अधिक स्थानिक व आंतरविद्याशाखीय विषय क्वचितच मिळेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, जुन्या लष्करी वाहनाचा मूळ रंग ही एकच स्थिर छटा नसून विशिष्ट स्थळ-काळाशी निगडित अशी छटांची मालिका असते. नावे, छायाचित्रे व नमुनापत्रे यांपैकी कोणतेही एक साधन तिच्या निश्चितीस पुरेसे नाही. वाहनावरील थर, लेखी आदेश आणि प्रयोगशाळेतील मापन यांच्या परस्पर पडताळणीतूनच विश्वासार्ह निर्णय होऊ शकतो. लष्करात वाहन नीटनेटके व रंगवलेले असणे ही शिस्तीची बाब मानली जाते, आणि उघड्यावरील पोलादाच्या रक्षणासाठी ते गरजेचेही आहे. वाहन एकदा सेवेतून निवृत्त होऊन संग्रहालयात आले की मात्र त्याच्या अंगावरील जुना रंग हा अभिलेखागारातील कागदाच्या योग्यतेचा होतो. नगरच्या संग्रहालयातील वाहनांवर हे थर आज ज्या प्रमाणात शिल्लक असतील, त्यांची नोंद पुढील रंगकामापूर्वी होणे अगत्याचे आहे, कारण खरवडून टाकलेला थर पुन्हा मिळवता येत नाही.